व्हीबीएसच्या टीममध्ये पहिल्यांदाच जातोयस ना, मग हे वाच

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू पिंपरीकडच्या एका चर्चच्या युथमध्ये आहेस, नोकरी आयटीत, मे महिन्यात तुमची टीम नगर जिल्ह्यातल्या एका गावात आठ दिवस मुलांचं उन्हाळी शिबिर म्हणजे व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) घ्यायला चाललीय, तुला शिकवायचा अनुभव नाही, गाता येत नाही, गिटार तर नाहीच, आणि तू विचारतोयस की मी जाऊन उपयोग काय, तयारी काय करू, आणि मुलांना येशूबद्दल सांगताना चुकीचं काही होऊ नये म्हणून काय बघू.

मी गेली २२ वर्षं मे महिन्यात घरी नसते. सुरुवातीची सहा-सात वर्षं टीममध्ये पोरगी म्हणून गेले, मग वर्ग घेतले, मग टीम नेली, आता गुडघे बोलतात म्हणून बहुतेक वेळ स्वयंपाकाकडे आणि नव्या पोरांकडे बघते. गिटारवाले खूप मिळतात रे. पाण्याच्या जारकडे लक्ष ठेवणारा, उलटी झालेल्या पोराला न कुरकुरता धुणारा, आणि शंभरातल्या चाळीस पोरांची नावं तिसऱ्या दिवशी पाठ असणारा मिळत नाही. म्हणून उपयोगाची काळजी सोड.

एक गोष्ट सांगते, मला स्वतःला ती कळायला तीन-चार वर्षं लागली. माझं बहुधा तिसरं की चौथं शिबिर, नेवाशाकडचं एक गाव. पहिल्या दिवशी एक नऊ-दहा वर्षांची पोरगी आली, कडेवर दीड वर्षांचा भाऊ. आमच्या टीमचा नियम की चार वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही, आणि नियम चूक नव्हता, लहान मूल रडलं की अख्खा वर्ग हलतो. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर मी होते. मी गोड आवाजात सांगितलं, बाळाला घरी ठेवून ये हं. ती हो म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरभेटीला गेलो तेव्हा दिसली, ओट्यावर बसलेली, भाऊ मांडीवर, आणि आमचं अ‍ॅक्शन साँग त्याचे हात धरून म्हणत होती. चर्चच्या भिंतीबाहेर उभी राहून शिकली होती. आई-बाप सकाळी सातला खुरपायला जायचे, भावाला ठेवणार कुणाकडे? गावात शिबिराला येणाऱ्या मुलींमधल्या कितीतरी जणी अशाच कडेवर कुणीतरी घेऊन येतात, आणि आम्ही शहरातून बनवून नेलेल्या नियमानं नेमक्या त्याच गळतात. तेव्हापासून आमच्याकडे एक सतरंजी, चार खुळखुळे, एक जुनी साडी झोळीसाठी आणि एक माणूस फक्त तान्ह्यांसाठी असतो. त्या कामाला कुणी हात वर करत नाही. तू कर. गाता न येणाऱ्याला याहून चांगलं काम नाही, आणि बाळं बेसूर गाणं चालवून घेतात.

आता तयारी. मोठी टीम असली तर तुला आधी दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग देतील, त्यात थीम साँग, धडे, क्राफ्ट, पाठांतराची बायबलची वचनं सगळं येतं. ते मन लावून कर, पण एक लक्षात ठेव की छापील साहित्य बऱ्याचदा इंग्रजीतून आलेलं असतं आणि त्यातली उदाहरणं आपल्या पोरांच्या गावची नसतात. एका वर्षी आमची थीम पाणबुडीची होती. आता पाथर्डीच्या पोरांना, ज्यांच्या गावात मे महिन्यात टँकर येतो, त्यांना पाणबुडी! पोरं बिचारी भोळी, त्यांनी थर्माकोलची पाणबुडी बघून खूप टाळ्या वाजवल्या आणि शेवटच्या दिवशी एकानं विचारलं की ताई हा टँकर पाण्याखाली का चालतो.

उलट हरवलेल्या मेंढराची गोष्ट घे, बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातली. ती नगर जिल्ह्यात सांगायला तुला चित्र लागत नाही, मे महिन्यात धनगरांचे वाडे शेतात बसलेलेच असतात, लेंडीखतासाठी शेतकरीच मेंढरं बसवून घेतो. मी एकदा ही गोष्ट सांगत होते, मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाला शोधायला निघाला, तर मागून एक धनगराचा पोरगा उठला आणि म्हणाला, ताई असं कुणी करत नाही, लांडगा येईल की, बाकीच्यांजवळ दुसरं कोणतरी थांबलेलं असणारच. मी गप्पच झाले. मग त्यालाच पुढे बोलावलं आणि मेंढरू हरवलं तर तुझे वडील काय करतात ते सांग म्हटलं, त्यानं दहा मिनिटं सांगितलं, माग कसा काढतात, कोणती हाळी देतात, ते कोकरू गुडघ्यावर बसून कसं उचलतात आणि मानेवर कसं टाकतात. तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, नंतर सांगितलं की मी या वचनावर तीस वर्षं बोलतोय, पण आज कळलं. सांगायचं एवढंच की वर्ग तुझ्याकडे आला तर सगळं आपणच बोलायचं नाही, पोरांना विचारायचं.

अजून एक, ऊसतोडीचं. बीड आणि नगरच्या पूर्वेकडच्या बऱ्याच गावांतली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्यांची पोरं सोबत गेली असतील तर त्यांची अर्धी शाळा बुडालेली असते. सहावीत नाव आहे पण वाचताना अडखळतं. अशा पोराला तू सगळ्यांसमोर उभं करून वचन वाचायला लावलंस की ते उद्या येणार नाही, आणि का आलं नाही ते कुणाला सांगणारही नाही. म्हणून वचन लिहून पाठ करून घ्यायचं नाही, चालीवर घ्यायचं. ओवीची चाल, टाळ्या, दोन गट करून सवाल-जवाब. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये भजन-कीर्तनाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, गावातल्या चर्चमध्ये टाळ-मृदंग अजून निघतो, एखादे आजोबा मृदंगावर बसले की तेविसावं स्तोत्र पोरांना एका सकाळीत पाठ होतं. आपल्या टीमला मात्र कीबोर्ड न्यायची हौस, आणि लाइट गेली की कीबोर्डची लाकडी फळी होते.

दिवस साधारण कसा जातो ते सांगते. सकाळी साडेपाचला उठायचं, टीमची प्रार्थना आणि वचन, मग झाडलोट. साडेसातपासून पोरं यायला लागतात, तुम्ही आठ म्हणालात तरी साडेसातलाच येतात, काही तर सहालाच येऊन पायरीवर बसतात. आठ ते साडेबारा शिबिर, एकत्र गाणी, मग वयाप्रमाणे वर्ग, बिगिनर, प्रायमरी, ज्युनियर, इंटर, मध्ये नाश्ता, मग क्राफ्ट, खेळ, परत एकत्र. साडेबारानंतर ऊन असं असतं की एक पोर रस्त्यावर दिसू नये. दुपारी टीम जेवते, आडवी होते, उद्याची तयारी करते. पाचनंतर घरभेटी. रात्री मीटिंग. तिसऱ्या दिवशी टीममध्ये भांडण होतं, हे मी लिहून देते. झोप कमी, अंघोळीला पाणी दोन बादल्या, कुणाचा तरी आवाज बसलेला, आणि फेव्हिकॉल कुणी संपवला यावरून दोन विश्वासू लोक एकमेकांशी बोलत नाहीत. घाबरू नकोस, चौथ्या दिवशी संध्याकाळी भेळ केली की मिटतं.

पाण्याचं गणित मात्र पाठ कर. शंभर पोरं, साडेचार तास, मे महिना, तर किमान पाच जार, वीस-वीस लिटरचे, आणि वाटायला दोन माणसं. आम्ही एका वर्षी दोन जारवर भागवायला गेलो आणि साडेदहाला पोरं शेजारच्या हौदावर तोंड लावून प्यायला लागली, पुढचे दोन दिवस निम्म्यांना जुलाब. ओआरएसची पाकिटं ठेव आणि मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं, छोट्या पाकिटाला त्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी, ग्लासात अर्धं पाकीट टाकून हलवायचं नाही, हे मी डबल ग्रॅज्युएट लोकांना करताना बघितलंय. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सपाट सहा चहाचे चमचे, मीठ त्याच चमच्यानं सपाट अर्धा चमचा. नाश्त्याला पोहे केले तर शंभर पोरांना सहा-सात किलो कोरडे पोहे धर, शेंगदाणे वेगळे वाढ कारण कुणाला चालत नाहीत ते तुला माहीत नसतं, रजिस्ट्रेशनलाच विचारून घ्यायचं. पोर घाम यायचा थांबून गरम लाल झालं, असंबद्ध बोलायला लागलं तर सरबत पाजत बसायचं नाही, सावलीत घे, अंगावर पाणी ओत, वारा घाल, १०८ ला फोन. विंचू चावला तर चिरा-बिरा नाही, दोरी बांधायची नाही, सरळ सरकारी दवाखाना. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय दाखवून दिल्यापासून विंचवाचं मरण खूप कमी झालंय, पण त्यासाठी पोर दवाखान्यात वेळेत पोचायला हवं, भगताकडे नाही.

आणि विहीर. हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं. एका शिबिरात आमच्याच टीमचा एक कॉलेजचा पोरगा, मनानं सोन्यासारखा, शिबिर सुटल्यावर इंटरच्या सात-आठ पोरांबरोबर विहिरीवर पोहायला गेला. पोरांनीच नेलं त्याला, दादा चला दादा चला. त्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं आणि ते त्यानं लाजून सांगितलं नाही. गावातल्या एका माणसानं उडी मारून काढलं म्हणून वाचलं. पोराची आई संध्याकाळी आली, ओरडली नाही, फक्त म्हणाली, तुमच्याकडे पाठवलं होतं म्हणून मी बिनघोर होते. ते वाक्य मला अजून ऐकू येतं. त्या पोराच्या घरच्यांना वाटत होतं की पोर देवाच्या कामाला गेलंय, म्हणजे सुरक्षित आहे. गाव आपल्यावर एवढा भरवसा टाकतं, आणि त्या भरवशाच्या मानानं आपली तयारी फार तोकडी असते. तेव्हापासून आमचा नियम की शिबिराच्या वेळेबाहेर पोरांना घेऊन कुणीही कुठेही जायचं नाही, आणि सुटताना बिगिनर-प्रायमरीची पोरं ज्यानं आणली त्याच्याच हातात द्यायची.

इथेच दुसरा विषय घेते. पोरांबरोबर एकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही, प्रार्थनेसाठी पण नाही. दोन मोठी माणसं, किंवा दार उघडं आणि सगळ्यांच्या नजरेत. मुलींच्या बाथरूमकडे बायकाच जातील. अंगावर खेळणं, मांडीवर बसवणं, गुदगुल्या, नको. तुझ्या मनात काही नसतं मला माहितीय, पण नियम तुझ्यासाठी नसतो, ज्याच्या मनात असतं त्याला जागा मिळू नये म्हणून असतो. आणि एखादं पोर तुला काही सांगायला लागलं, घरातलं, शेजारच्याचं, किंवा आपल्याच एखाद्या माणसाचं, तर "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, धीर द्यायचा आणि लगेच टीम लीडरला सांगायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तरी पोलिसांना कळवावं लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि "चर्चची बदनामी होईल, आपण आपसात मिटवू" हे म्हणणारा माणूस टीममध्ये असेल तर तो कितीही जुना सेवक असो, त्याचं ऐकायचं नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर भिंतीवर लावायचा, पोरांना दिसेल असा.

आता तुझा अवघड प्रश्न, येशूबद्दल सांगताना काय चुकू नये.

माझ्या तरुणपणी शेवटच्या दिवशी आम्ही मुलांना डोळे मिटायला सांगायचो, मागे हळू कीबोर्ड, आणि मग कुणाला येशूला आपलं हृदय द्यायचंय त्यांनी हात वर करा. हात मोजायचे आणि रिपोर्टमध्ये लिहायचं, इतक्या मुलांनी निर्णय घेतला. एका वर्षी हात मोजणारी मी होते. १२६ पोरं, १२६ हात. मी खुशीत. पाच मिनिटांनी नाश्त्याच्या वेळी कुणीतरी विचारलं, अजून एक केळं कुणाला हवंय, तर परत १२६ हात, तेवढ्याच उत्साहानं, काहींनी दोन्ही वर केले. त्या दिवसापासून मी हात मोजत नाही. आठ वर्षांचं पोर आवडत्या ताईला नाही म्हणत नाही रे. ते तुला खूश करतंय. त्याचा विश्वास खरा असू शकतो, मुलांचा असतोच, मोठ्यांपेक्षा सरळ असतो, पण तो आपल्या रिपोर्टसाठी नसतो. मी आता गोष्ट सांगते, प्रार्थना करते, आणि ज्याला बोलायचं असेल तो घरी जाऊन आई-बापाशी बोलो किंवा पाळकसाहेबांशी बोलो असं सांगते. आमच्या टीममधल्या काहींना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं की संधी एकदाच येते. मी म्हणते की गावात पाळक वर्षभर आहे, आपणच एकदा येतो.

शिबिराला फक्त ख्रिस्ती घरांतली पोरं येत नाहीत, हेही तुला दिसेल. गाणी ऐकू आली की सगळ्या वस्त्यांतली येतात, मैत्रीण येते म्हणून येतात, पोहे मिळतात म्हणून येतात, आणि त्यात काही वाईट नाही. पण त्यांच्या आई-बापाला माहीत असायला हवं की इथे बायबलच्या गोष्टी सांगतात, प्रार्थना होते. चोरून काही नाही. आम्ही साधं एक पानी संमतीपत्र करतो, वर मोठ्या अक्षरात चर्चचं नाव, काय शिकवणार ते, वेळ, फोन नंबर, खाली पालकाची सही किंवा अंगठा. संविधानाच्या कलम २८ मध्येच आहे की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत लहान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावायचं तर पालकाची संमती लागते. शिबिर म्हणजे शाळा नव्हे, पण तोच मापदंड आपण स्वतःला लावावा असं मला वाटतं, कायद्याच्या भीतीनं नाही, तर उद्या माझ्या पोराला कुणी मला न विचारता काही शिकवलं तर मला चालेल का म्हणून. बक्षिसं, वह्या, टी-शर्ट द्यायचे तर सगळ्यांना सारखे, प्रार्थनेला आलं तर चॉकलेट असला प्रकार नाही. दुसऱ्याच्या देवाबद्दल एक शब्द वाकडा नाही. एकदा एका नव्या पोरानं जोशात येऊन मूर्तीबद्दल काहीतरी बोललं, संध्याकाळी पाळकसाहेबांना अर्ध्या गावाकडे जाऊन माफी मागावी लागली. तो पोरगा आठ दिवसांनी पुण्याला गेला, पाळकसाहेब अजून तिथेच राहतात, त्यांना किराणा त्याच दुकानातून आणायचा असतो.

आता शिबिर कुठे घ्यायचं त्या जागेबद्दल. हे काम सुरू कसं झालं ते बघितलंस तर गंमत वाटेल. १८६८ मध्ये वेल्समध्ये लँडुडनोच्या किनाऱ्यावर जोसाया स्पायर्स नावाचा माणूस सुट्टीवर आलेल्या मुलांना गोळा करून वाळूत "देव प्रीती आहे" हे वचन काढायला लावत होता, मुलांनी ते शिंपल्या-शेवाळांनी सजवलं. तीस वर्षांनी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला एलायझा हॉज या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर उनाडणाऱ्या पोरांसाठी चक्क एक बिअर हॉल भाड्यानं घेतला आणि तिथे रोजची बायबल शाळा चालवली, आजच्या व्हीबीएसची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. दोघांनीही चर्चमध्ये या असं म्हटलं नाही, पोरं जिथे होती तिथे गेले. आपल्याकडे मात्र आपण चर्चचं दार उघडून बसतो आणि म्हणतो पोरं का येत नाहीत. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, गावोगाव जुनी दगडी चर्चं आहेत, पण चर्च बहुतेक एका बाजूच्या वस्तीत असतं आणि त्यामागे आपल्या समाजाचा कोणता इतिहास आहे ते तुला सांगायला नको. त्या वस्तीत पाऊल न टाकणारी घरं अजून आहेत. आम्ही दोन-तीन गावांत शिबिर चिंचेखाली किंवा ग्रामपंचायतीला विचारून मोकळ्या मैदानात घेतलं, तर आकडा दुप्पट झाला. आणि पहिल्यांदाच चर्चच्या वस्तीतली आणि वरच्या आळीतली पोरं एकाच ताटातले पोहे ओरबाडताना दिसली. माझ्यासाठी ती त्या वर्षीची सगळ्यात मोठी उपासना.

घरभेटीला तुला नेतील तेव्हा दोन गोष्टी. चहा नको म्हणायचं नाही, सातव्या घरी पण नाही, अर्धा कप म्हण. आणि तिथे जाऊन भाषण द्यायचं नाही, पोराचं एक चांगलं काहीतरी आई-बापाला सांगायचं, खरं असेल ते. तुमच्या सोनूनं आज स्वतःचा खडू शेजारच्याला दिला. गरिबाच्या घरी पोराचं कौतुक घेऊन सहसा कुणी येत नाही, शाळेतून निरोप येतो तो तक्रारीचाच. अशा वेळी बापाचा चेहरा बघ.

शहरातून गेलेल्याची अजून एक खोड म्हणजे फोटो. पोरांचे चेहरे, त्यातही फाटक्या कपड्यातली, रडणारी, जेवणारी, आणि खाली "प्रभूनं वापरलं" असं लिहून स्टेटसला. करू नकोस. टीमचा एकच जण फोटो काढेल, तेही पालकांनी संमतीपत्रात हो म्हटलेल्या पोरांचे. तुझ्या भाच्याचा असा फोटो कुणी टाकला तर तुझी बहीण काय म्हणेल तेवढा विचार पुरे.

पाळकसाहेब आणि पाळकीणबाईंबद्दल एक शब्द. तुम्ही आठ दिवस राहता, त्यांच्या घरातलं गॅस सिलिंडर आणि पाणी संपवता, पाळकीणबाई चौदा माणसांच्या भाकरी थापतात आणि समारोपाला स्टेजवर हार टीम लीडरला पडतो. भाकरी थापायला बस, येत नसेल तर भांडी घास. टीमच्या खर्चात त्यांच्या घरचं धान्य, सिलिंडर आणि लाइट बिल आधीच धर, शेवटी पाकिटात घालून लाजत देऊ नका. आणि गावात काय कसं करायचं यावर त्यांचा शब्द शेवटचा, तुमच्या छापील पुस्तकाचा नाही.

शेवटच्या दिवशी पोरं रडतील, तूही रडशील. "परत येईन" असं सहज म्हणू नकोस. त्यांच्यासाठी ते सहज नसतं. त्या ओट्यावरच्या पोरीला मी तेव्हा म्हटलं होतं की पुढच्या वर्षी नक्की येते, आणि पुढच्या वर्षी टीम दुसऱ्या तालुक्यात गेली. दोन वर्षांनी गेले तर ती नाव घेऊन म्हणाली, ताई तुम्ही मागच्या मे मध्ये येणार होतात. भाऊ आता तिच्या बोटाला धरून चालत होता. म्हणून मी आता वहीत लिहून ठेवते, कुणाला काय बोलले, आणि जमणार नसेल तर पाळकसाहेबांच्या फोनवरून त्या घरी निरोप देते. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस जाऊन आलास तर फारच छान, पिंपरीहून नगर म्हणजे एसटीनं तीन-चार तास.

सामान: सुती कपडे, टोपी, टॉर्च, डासांचं मलम, स्वतःची सतरंजी आणि चादर, पाण्याची बाटली, तुझी रोजची औषधं, सुटे पैसे. कात्र्या टीमला सांगून जास्त न्या, तीस पोरांना दहा कात्र्या दिल्या की क्राफ्ट होत नाही, युद्ध होतं. परफ्युम नको, मधमाश्या येतात, खरंच येतात. आणि चपला दोन जोड ने, चर्चच्या दारातून एक हमखास जाते आणि ती कुठल्या पोराच्या पायात आहे हे तुला दुसऱ्या दिवशी दिसतं पण मागता येत नाही.